मंग्याच्या गोळ्या

कुत्र्याचं तोंड बांधायचं असेल तर आधी त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. बाजूनं जायचं, आपलं काहीतरी दुसरंच काम असल्यासारखं. पट्टीचा फास आधी करून ठेवायचा. तो नाकावरून सरकवला की आवळायचा, मग टोकं हनुवटीखालून फिरवून कानांमागे गाठ मारायची. सुतळी वापरायची नाही, सुतळी कापते. दवाखान्यात बँडेज यायचं, पण ते कधी असायचं, कधी नसायचं. माझी लुगडी मात्र नेमानं फाटायची. त्यांचे काठ मी सोडवून, धुऊन, गुंडाळ्या करून खणात ठेवायची. धुळ्याची किती कुत्री माझ्या लुगड्यांचे काठ तोंडाला बांधून गेली, त्याचा हिशेब नाही.

मी जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. परिचर म्हणजे झाडणं, पुसणं, स्टोव्हवर सुया उकळणं, आणि डॉक्टर इंजेक्शन देतील तोवर जनावर धरून ठेवणं. शिक्षण चौथी. माझे मालक त्याच दवाखान्यात होते. ते काविळीनं गेले आणि त्यांची जागा मला मिळाली. पहिल्या दिवशी सोनगीरचा एक शेतकरी बैल घेऊन आला आणि मला बघून बैल तसाच परत न्यायला निघाला. म्हणाला, "बाई बैल धरी? मंग डॉक्टर काय भाकरी करी?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेबांच्या भाकरी तुम्ही करा. बैल इकडे द्या."

बैल धरणं तसं सोपं. अंगणात लिंबाच्या झाडाखाली लोखंडी खोडा होता. त्यात बैल घातला, पुढे-मागे आडवा दांडा सरकवला की तो कुठं जात नाही. वेसण हातात असते. बैलाला शिंगं असतात हे लांबूनच दिसतं. कुत्र्याचं तसं नाही. कुत्रं शेपटी हलवता हलवता चावतं आणि मालक सांगत असतो, "चावत नाही हो." असं सांगणाऱ्याच्या हाताकडे मी आधी बघायची. बहुतेक वेळा हातावर फडकं असायचं.

लोक आता विचारतात, जनावरांच्या दवाखान्यात काय आठवणी असणार? मी सांगते, माणसांच्या दवाखान्यात असतात त्याहून जास्त. एक मोठ्या मिशांचा गडी आठवतो. म्हैस घेऊन आला होता आणि धोतरावरून बायकोचं हिरवं लुगडं नेसून रांगेत उभा होता. म्हशीला बायकोच्या हाताची सवय, बायको बाळंतपणाला गेलेली, आणि ते लुगडं दिसल्याशिवाय म्हैस अंगाला हात लावू देत नव्हती. रांगेत वीस तरी बापे होते. एक जणही हसला नाही. सगळ्यांच्या घरी म्हशी होत्या.

त्या काळात कुत्र्याला दवाखान्यात आणायची लोकांना लाज वाटायची. बैल आजारी पडला तर घर जेवायचं नाही, कुत्रं आजारी पडलं तर त्याला मळ्यात सोडायचे. आणलंच तर शेवटचं आणायचे. "साहेब, एक सुई देऊन टाका," एवढंच म्हणायचे. कसली सुई, ते मोठ्यानं म्हणायचे नाहीत.

नदीपलीकडच्या देवपुरातले आबाही त्यासाठीच आले होते.

ऐंशी-नव्वदच्या मधली गोष्ट. आबांची जमीन गावाकडे, पण पोरांच्या शाळेपायी देवपुरात घर केलेलं. रिक्षातून उतरले तर बरोबर कुत्रा आणि कुत्र्याच्या पलीकडे एक पोरगी. कुत्रा तांबडा, छातीवर पांढरा, चांगला उंचापुरा. मंगळवारी सापडला म्हणून मंग्या. पोरगी म्हणजे शोभा, आबांची धाकटी, लग्नाची.

"हाऊ चावस," आबा म्हणाले.

"कोणाला?"

"बठ्ठासले. माले, हिना मायले, पाहुनासले. आठ दिन गरीब गायसारखा ऱ्हास आन एक दिन चावस. आते घरमा ठेवाना नही."

शोभानं कुत्र्याच्या गळ्यातली साखळी हाताला दोनदा गुंडाळून घेतली होती.

चावणारं कुत्रं म्हटलं की डॉक्टर पहिल्यांदा एकच बघायचे, ते पिसाळलेलं आहे का. पिसाळलेलं कुत्रं पाणी पीत नाही, खात नाही, त्याचा आवाज बदलतो आणि ते फार दिवस जगत नाही. मंग्या दिवाळीपासून चावत होता आणि आता आखाजी, आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. मी त्याच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं, तो गटागटा प्यायला. तोंड बांधायला गेले तर मान पुढे करून उभा राहिला. मग डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि आबांना म्हणाले, "चावायच्या आधी तो काय करत असतो?"

"काहीच नही."

"तेच सांगा. काहीच नाही म्हणजे काय?"

तेव्हा शोभा बोलली. म्हणाली, चावायच्या आधी तो पडतो. खाटेखाली जातो, ओठ चाटत बसतो, मग आडवा होतो, पाय ताणतो, थरथरतो, तोंडाला फेस येतो. मग थांबतो. मग उठतो आणि चावतो.

"आणि तो पडलेला असताना तुम्ही काय करता?"

"जे करतस तेच," आबा म्हणाले. "बठ्ठा पयत येतस. एक जन पाय धरस, एक जन मान धरस. मी नाकले जोडा लावस. हिनी माय कांदा फोडीसन आनस."

माणसाला फेफरं आलं की आमच्याकडे हेच करायचे. जोडा हुंगवायचा, कांदा हुंगवायचा, घट्ट धरून ठेवायचं. आबांनी आपल्या कुत्र्याला परकं मानलं नाही. माणसासाठी जे केलं असतं तेच त्याच्यासाठी केलं, आणि म्हणून चावून घेतलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सावकाश समजावलं. मी सुया उकळता उकळता ऐकत होते, कारण मलाही ठाऊक नव्हतं. म्हणाले, कुत्र्यालाही फेफरं येतं. झटका थांबला तरी डोकं लगेच जाग्यावर येत नाही. थोडा वेळ त्याला नीट दिसत नाही, घरचं कोण आणि परकं कोण कळत नाही. अशा वेळी चार माणसं अंगावर ओणवी आणि नाकाशी जोडा. तो चावणार नाही तर काय करणार? हा स्वभाव नाही, हा आजार आहे. बरा होणार नाही, पण गोळ्यांनी दबून राहील. सकाळ-संध्याकाळ, जन्मभर, एकही खाडा नको. मध्येच बंद केल्या तर पहिल्यापेक्षा जोरात उलटेल. आणि तो पडला की जवळची भांडीकुंडी बाजूला करायची, दार लोटायचं, हाका मारायच्या नाहीत, हात लावायचा नाही. आपण होऊन पाणी प्यायला आणि शेपटी हलवली की मग जवळ जायचं.

"जोडा?" आबांनी विचारलं.

"जोडा पायात ठेवायचा," डॉक्टर म्हणाले.

सुई राहिली. चिठ्ठी घेऊन आबा गेले.

त्या आजारावर जनावरांची वेगळी गोळी तेव्हा मिळत नव्हती. माणसाचीच गोळी, ती माणसांच्या मेडिकलमधून आणायची. गोळी देणं हे शोभाचं काम झालं. बाजरीच्या भाकरीचा तूप लावलेला गोळा, त्यात गोळी. दुसऱ्या कोणाच्या हातून मंग्या घ्यायचा नाही, भाकरी खाऊन गोळी बाहेर टाकायचा. पहिले काही दिवस गुंगीत होता, झोकांड्या खायचा. मग सावरला. पावसाळा गेला, तो दोनदाच पडला, आणि दोन्ही वेळा घरच्यांनी हात आवरले. कोणाला दातही लागला नाही. शोभा चिठ्ठी बदलायला यायची तेव्हा मंग्या माझ्या पायाशी येऊन बसायचा. मला कुत्र्यांचं कौतुक नाही. पण ज्याचं तोंड आपण बांधलं तोच पायाशी येऊन बसतो, हे बरं वाटतं.

मग शोभाची सोयरीक आली. पाचोऱ्याचं घर. मुलगा अशोक, जळगावला पाइपच्या कंपनीत कामाला. बाप नाही, चुलते तात्या घर चालवणारे. बघणं झालं, पसंती झाली, सुपारी फोडायचा दिवस धरायचा तेवढा बाकी. आणि पाचोऱ्याकडून निरोप आला, जरा थांबा.

थांबा कशाला, ते मधल्या माणसानं आडून आडून सांगितलं. तात्यांनी चौकशी केली होती. चौकशी सगळेच करतात, त्यात वावगं काही नाही. पण तात्यांच्या ओळखीचा कोणी देवपुरातल्या त्या मेडिकलवर बसायचा. तो म्हणाला, आबांच्या घरी फेफऱ्याच्या गोळ्या जातात. कधीपासूनच्या.

शोभाची आई दवाखान्यात येऊन माझ्यापुढे बसली तेव्हा मला हे कळलं. मी म्हटलं, "अहो, मग सांगा ना कुत्र्याच्या आहेत म्हणून."

ती म्हणाली, "आता कोण मानी? यासनी मेडिकलवर काय सांगेल शे, इचारा."

यासनी म्हणजे आबांनी. मेडिकलवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, गोळ्या कोणासाठी? दुकानात चार माणसं उभी होती. कुत्र्यासाठी मेडिकलमधून गोळ्या नेतो म्हटलं तर गावभर हसं होईल, म्हणून आबा म्हणाले, "घरना मानूससाठे." घरात माणसं किती? आबा, त्यांची बायको, शोभा, आणि पुण्याला शिकणारा मुलगा. चौकशी करणारा काय समजायचं ते समजला.

बरं, खरं सांगावं तर तेही खोटंच वाटणार. कुत्र्याला फेफरं येतं आणि त्याला रोज गोळी देतात, हे त्या काळी कोणाला पटलं असतं? मला दवाखान्यात असून ठाऊक नव्हतं.

घरात भांडण पेटलं. आबांनी गोळ्या आणणंच बंद केलं. म्हणाले, गोळ्या दिसल्या नाहीत की बोलणंही थांबेल. शोभा म्हणाली, मंग्या मरेल. आबा म्हणाले, "तो मरी तं एक कुत्रा मरी. तुनं लगीन मोडी तं बठ्ठा घर मरी." गोळी तेवढीशी, पण एका बाजूला मंग्याचा जीव आणि दुसऱ्या बाजूला शोभाचं लग्न अडकलं होतं. दोन्ही एकदम सुटेल असं कोणाला दिसत नव्हतं.

मधल्या माणसानं रदबदली केली. तात्या म्हणाले, ठीक आहे, येतो, घर बघतो, तुमचा तो कुत्राही बघतो. आबा माझ्याकडे आले. "आक्का, तू ये. तू सरकारी मानूस. तुनं तरी मानतीन."

रविवारी मी गेले. शोभाच्या आईनं खापरावर पुरणाचे मांडे केले होते. एवढा मोठा मांडा खापरावर टाकणारी बाई आता शोधावी लागते. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर तात्या, अशोक आणि मधला माणूस. तात्या उंच, कोरडे, पांढरी टोपी. मंग्या अंगणात साखळीला. गोळ्या बंद होऊन बरेच दिवस झाले होते आणि तो मला ठीक दिसत नव्हता. सारखा ओठ चाटत होता.

तात्यांनी मला विचारलं, "तुम्ही दवाखान्यातल्या?"

"हो."

"कुत्राले फेफरं येस, हाई कधी ऐकेल शे का कोनी?"

"मीही ऐकलं नव्हतं. मग बघितलं."

"बघितलं," तात्या मधल्या माणसाकडे वळून म्हणाले, "बाईनी बघितलं." त्यांच्या बोलण्यात थट्टा होती. अशोक खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत होता. शोभा दारामागे होती. तिचा पदर दिसत होता.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि साखळी वाजली. मंग्या आडवा झाला होता. पाय ताणले, मान मागे, तोंडाला फेस. एवढा जोराचा झटका मी त्याला कधी आलेला पाहिला नव्हता. आबा, त्यांची बायको, शोभा, कोणीही जागचं हललं नाही. त्यांना आता शिकवण होती. मीही उभी राहिले.

हलले फक्त तात्या. मी अजून तो क्षण विसरले नाही, कारण ते घाबरले नव्हते. एका उडीत ओट्यावरून खाली, खाली जाता जाताच एका हातात जोडा, गुडघा टेकला, दुसऱ्या हातानं मंग्याची मान धरली आणि जोडा बरोबर नाकाशी. विचार करावा लागलाच नाही. हे हात असं पुष्कळ वेळा केलेले हात होते. मी ओरडले, "तात्या, सोडा!" शोभा ओरडली. पण त्यांना ऐकूच आलं नाही. झटका थांबला, मंग्यानं डोळे उघडले, आणि त्यांच्या मनगटाला धरलं.

मी पदर पिळून मंग्याच्या तोंडात आडवा सरकवला तेव्हा हात सुटला. रक्त बरंच गेलं. मांडे तसेच राहिले. तात्या जाताना एवढंच म्हणाले, "कुत्रा तं खरंच आजारी शे." सोयरिकीचं काहीच बोलले नाहीत. मंग्या पिसाळलेला वाटत नाही असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, तरी पोटातली इंजेक्शनं त्यांनी सगळी घेतली. त्या वेळी ती पोटातच द्यायचे आणि माणूस ती जन्मभर विसरायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मंग्याला घेऊन दवाखान्यात. "आते सुई द्या. आते मी ऐकाव नही."

डॉक्टर म्हणाले, "आज नाही देता येत. कुत्रा चावला की त्याला दहा दिवस जिवंत ठेवून बघावं लागतं. पिसाळलेला असेल तर तेवढ्यात मरतो. तात्यांच्या जिवासाठीच लागतं हे. दहा दिवस इथं बांधा, गोळ्या पुन्हा चालू करू. मग तुम्ही म्हणाल तसं."

खोड्याशेजारी लिंबाखाली मंग्या राहिला. शोभा रोज दोन वेळा देवपुरातून यायची, पांझरेचा पूल ओलांडून, भाकरीचा गोळा घेऊन. पाहुण्याला चावलेल्या कुत्र्याला भरवायला लग्नाची पोरगी रोज दवाखान्यात जाते, हे लोक बघत होते. ती खाली बघून चालायची नाही. मंग्या दोन-तीन दिवसांत पुन्हा गाय झाला. बैल घेऊन येणारे त्याच्या अंगावरून पाय टाकून जायचे.

मुदत संपत आली तेव्हा अशोक आला. एकटा, जळगावहून एस.टी.नं. फाटकापाशी घुटमळत उभा. मी ओळखलं, पण बोलावलं नाही. शोभा मंग्याला गोळी देत होती, तिची पाठ त्याच्याकडे. तो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "म्हणजे गोळ्या खरंच याच्या आहेत."

मला राग आला. कुत्रा चावून तात्यांचा हात फुटला, तरी अजून खात्री करायला आलेला. मी म्हटलं, "आणि पोरीच्या असत्या तर? मग काय करणार होतात?"

मला वाटलं, आता जाईल. तो लिंबाच्या पारावर बसला आणि म्हणाला, "माझ्या बहिणीला आहे."

त्यानं सांगितलं ते असं. बहीण लता. लहानपणापासून फेफरं. घरच्यांनी लपवून लग्न लावलं, सासरच्यांनी महिन्याभरात परत आणून सोडलं. तेव्हापासून ती मागच्या खोलीत. पाहुणे येणार असले की गोळ्यांची डबी लपवायची, मग गोळ्यांचा खाडा, मग झटका. झटका आला की तात्या धरतात आणि जोडा लावतात. किती वर्षं. "आम्ही फसवलं होतं ना," तो म्हणाला, "म्हणून तात्यांना वाटतं सगळेच फसवतात."

शोभा केव्हा वळली ते मला कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. हाताला तूप तसंच. ती त्याच्याशी आजवर एक शब्द बोलली नव्हती. बघायला आले तेव्हाही नाव-गाव आईनंच सांगितलं होतं.

ती म्हणाली, "तुमनी बहीण चावस का?"

अशोक दचकला. "नाही."

"मंग लपाडतस कसाले? आमना मंग्या चावस, तरी ओट्यावर बठस."

आणि ती मंग्याचं पाण्याचं भांडं घासायला नळावर निघून गेली.

अशोक डॉक्टरांकडे गेला. बहिणीचं काय करावं, विचारलं. डॉक्टर म्हणाले, माणसांचं मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. त्यांनी सिव्हिलमधल्या डॉक्टरांचं नाव दिलं. फक्त एवढं म्हणाले की गोळीचा खाडा माणसालाही चालत नाही, आणि जोडा माणसालाही लागत नाही.

मुदत भरली, मंग्या जिवंत होता. आबा आले, पण सुईचं नाव काढलं नाही. साखळी सोडवताना मला म्हणाले, "आक्का, पाचोरावालासना निरोप शे. सुपारी फोडू म्हनतस. पन त्या घरमा बी हाऊच आजार शे. लपाडं त्यासनी. असा खोटा मानूसना घर पोर देवाले मना जीव व्हत नही."

मी म्हटलं, "आबा, मेडिकलवर तुम्ही काय खरं बोलला होतात?"

आबा बराच वेळ साखळीशी खटपट करत राहिले. शेवटी म्हणाले, "तू फार तिखट शेस."

शोभा लग्नाला तयार झाली, एका अटीवर. मंग्याची गोळी दुसऱ्या कोणाच्या हातून जात नाही, तेव्हा मंग्या तिच्याबरोबर पाचोऱ्याला जाणार. आई कपाळाला हात लावून बसली. रुखवतात कुत्रा कोणी दिल्याचं ऐकलं नव्हतं. आबांनी कसंबसं निरोपात घातलं. तात्यांचं उत्तर आलं, "कुत्रा लई या. पन मना खाटपासून दूर बांधा." लग्नात मी गेले होते. परतीच्या टेम्पोत तांब्याचा हंडा, गाद्या, शिलाईचं मशीन आणि मशीनला साखळीनं बांधलेला मंग्या, असा शोभाचा संसार पाचोऱ्याला गेला.

दवाखाना मला अजून आठवतो. स्टोव्हची भणभण, फिनाईलचा वास, लिंबाखाली चार वाजता येणारी सावली, बैलांच्या घुंगरांचा आवाज. आता बैलच राहिले नाहीत फारसे. कुत्र्यांना मात्र लोक गाडीत बसवून आणतात, लाज कोणाला वाटत नाही. ते चांगलंच झालं. माझे गुडघे गेले, नोकरी संपली आणि मी जळगावला लेकीकडे आले. हातांना मात्र अजून काहीतरी धरावंसं वाटतं. लेक म्हणते, नातवाला धर. नातू चावत नाही, त्यात काही कसब नाही.

जळगावला आले त्याच वर्षी, शोभाच्या लग्नाला आठेक वर्षं झाली तेव्हा, एकदा पाचोऱ्याला जाऊन आले. शोभा भाजी आणायला बाजारात गेली होती. पुढच्या ओसरीत शिलाईचं मशीन आणि मशीनवर एक बाई. साधारण पस्तिशीची, केसांत दोन पांढऱ्या बटा. तीच लता. मागच्या खोलीत आता कापसाची पोती होती. तिच्या पायाशी मंग्या, तोंड पार पांढरं झालेलं. त्यानं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. माझी साडी हुंगली आणि पुन्हा झोपला.

आम्ही चहा पीत होतो आणि मंग्या उठून मशीनखाली गेला, ओठ चाटायला लागला. लतानं कप ठेवला. मशीनपुढचं स्टूल उचललं, बादली सरकवली, रस्त्याकडचं दार लोटलं आणि लांब भिंतीशी जाऊन मांडी घालून बसली. तो पडला, थरथरला, थांबला. ती हलली नाही. तो उठला, मशीनला धडकला, मग माझ्याकडे तोंड करून गुरगुरायला लागला. माझा हात सवयीनं पदराकडे गेला.

"आक्का, हात खाले ठेव," लता हळू आवाजात म्हणाली. "बोलू नको. त्याले आते तू कोन शेस ते म्हाईत नही."

आम्ही तशाच बसून राहिलो. तो भिंतीभिंतीनं फिरला, पाण्याच्या भांड्यापाशी गेला, प्यायला, आणि शेपटी एकदा हलवून लताच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. मग तिनं त्याच्या अंगावर हात ठेवला.

मी विचारलं, "तुला कसं कळतं केव्हा जवळ जायचं ते?"

ती म्हणाली, "माले नही कळाव तं कोनले? ऊठनू का पहिले काहीच दिखत नही, आक्का. आवाज दूरथून येतस. कुठे शे, कोन शे, काही समजत नही. आन कोनीतरी घट्ट धरेल ऱ्हास, नाकले जोडा. माले बी चावानं मन व्हये."

इतकी वर्षं मी कुत्री धरली. डॉक्टरांनी समजावलं होतं ते पाठ होतं. पण आतल्या बाजूनं कसं असतं, ते मला कोणी पहिल्यांदा सांगत होतं.

मी म्हटलं, "मंग तू चावाले पाहिजे व्हतं तात्याले."

लता मंग्याच्या पांढऱ्या तोंडावरून हात फिरवत हसली.

"मंग्या चावना ना तात्यासले, आक्का. मना वाटानं बी."